काकूंचा मजला आणि मामांची फाइल

"ए, तुझी फाइल ओपन होत नाहीये यार!" हे वाक्य ज्याने ऑफिसात एकदाही ऐकलेलं नाही, त्याने हात वर करावा. बघा, कुणीच करणार नाही. 2007 मध्ये वर्डने डॉकच्या पुढे एक्स लावला आणि पुढची दोन-तीन वर्षं सगळ्या ऑफिसांमध्ये 'जुन्यात सेव्ह करून पाठव ना' हा घोष चालला होता म्हणे. म्हणे म्हणजे काय, तेव्हा मी शाळेत होते. पण मासकॉम करून एका मराठी पेपरच्या डेस्कवर चिकटले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की हा घोष अजून थांबलेला नाही. आपल्याकडे फार तर काय होतं? प्रेझेंटेशनचा फॉन्ट बदलतो, बॉस वैतागतो, आपण कॉफी मशीनपाशी जाऊन शिव्या घालतो. विषय संपला.

पण फाइल जर घराची असेल तर? म्हणजे खऱ्याखुऱ्या घराची. विटा, सिमेंट, सळया, वर राहणारी माणसं... अशा घराची?

माझं आजोळ खामगाव, जिल्हा बुलडाणा. पुण्यातल्या मित्रमैत्रिणींना एवढं सांगून काही बोध होत नाही, म्हणून मी लगेच 'शेगावच्या शेजारी' असं जोडते. मग सगळ्यांच्या डोळ्यांत गजानन महाराज आणि तोंडात कचोरी येते. (खामगावची चांदीही फेमस आहे बरं, पण चांदी कुणी ट्रेनमध्ये खात नाही.) महाराष्ट्र एक्स्प्रेसने शेगावला उतरायचं, तिथून खामगाव. मामांच्या घराचा पुढचा भाग म्हणजे त्यांचं ऑफिस. मामा सिव्हिल इंजिनिअर. पस्तीसेक वर्षं त्यांनी खामगाव आणि आसपासच्या तालुक्यांतली घरं डिझाइन केली. दुकानं, दवाखाने, दोन-चार मंगल कार्यालयं, आणि मुख्य म्हणजे घरं. बायपास झाल्यावर त्यांनी टेबल सोडलं आणि दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, त्या खुर्चीत बसला.

आता गंमत अशी की खुर्ची वारसाहक्काने मिळते, फाइल नाही.

मामांचा कॉम्प्युटर हे एक प्रकरण आहे. पिवळट पडलेला सीपीयू, विंडोज एक्सपी, कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला बंद केला. मामांना त्याचा पत्ताच नव्हता आणि गरजही नव्हती, कारण त्या डब्याला इंटरनेट कधी जोडलंच नव्हतं. त्यावर मामांचं ऑटोकॅड. आधी रिलीज 14, मग 2000, मग 2004. मूळ सीडी कुठून आल्या होत्या, हा प्रश्न त्या काळातल्या कुठल्याच ऑफिसात विचारू नये. हार्डडिस्कमध्ये सहाशेच्या वर ड्रॉइंग्ज, शिवाय एका श्रीखंडाच्या डब्यात सीडीज.

"अवं, समदं हाय त्याच्यामंदी," मामा पलंगावरून म्हणायचे. "फक्त तो चालू राह्यला पाह्यजे."

आणि नेमकं तेच होत नव्हतं. पाच वेळा बटण दाबलं की एकदा सुरू व्हायचा. पंखा असा आवाज करायचा की शेजारच्या गिरणीवाल्याला कॉम्प्लेक्स यावा. दादाने ठरवलं, सगळ्या फाइल्स नव्या मशीनवर, नव्या व्हर्जनमध्ये आणायच्या. मी तेव्हा नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं होतं. म्हणजे घरच्यांच्या भाषेत 'रिकामीच' होते. उन्हाळ्यात आठ दिवस खामगावला गेले आणि कामाला जुंपली गेले.

आधी थोडा टेक्निकल फंडा क्लिअर करून घेऊ, घाबरू नका. ऑटोकॅडची फाइल म्हणजे डीडब्ल्यूजी. एक्स्टेन्शन सगळ्यांचं तेच, पण आतलं पोट दर काही वर्षांनी बदलतं. ते ओळखायची एक ट्रिक दादाने दाखवली आणि मी जाम खूश झाले. फाइल सरळ नोटपॅडमध्ये उघडायची. सगळा कचरा दिसतो, पण पहिली सहा अक्षरं स्वच्छ वाचता येतात. एसी1014 दिसलं तर रिलीज 14. एसी1015 म्हणजे ऑटोकॅड 2000. एसी1018 म्हणजे 2004, एसी1021 म्हणजे 2007. असं करत करत एसी1032, जे ऑटोकॅड 2018 बरोबर आलं आणि पुढची अनेक व्हर्जनं त्याच्यावरच चालली. थोडक्यात, प्रत्येक फाइलच्या कपाळावर तिचं जन्मसाल गोंदलेलं असतं. दोन दिवस मी फक्त कपाळं वाचत होते.

नियम साधा आहे. नवं सॉफ्टवेअर जुनी फाइल उघडतं. जुनं सॉफ्टवेअर नवी फाइल उघडत नाही. सून सासूची भाषा शिकते, सासू सुनेची शिकत नाही, असं मामी म्हणाली, आणि यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही. ऑटोकॅड त्यातल्या त्यात समजूतदार, 'सेव्ह अ‍ॅज' करून जुन्या रूपात देता तरी येतं. घरांचं थ्रीडी मॉडेल करणारं रेव्हिट बघा: एकदा फाइल नव्या व्हर्जनमध्ये उघडून सेव्ह केली की परतीचं तिकीटच नाही. टीममधल्या एकाने अपग्रेड केलं की सगळ्यांनी करायचं. शिवाय 2016 पासून ऑटोकॅड 'एकदाच घेतलं आणि झालं' असं मिळणंही बंद झालं; सबस्क्रिप्शन भरा, वर्षाला भरा. खामगावातल्या एका माणसाच्या ऑफिसला तो आकडा ऐकून घाम फुटतो.

दादाचा एक मित्र एमआयडीसीत शेती अवजारांचे पार्ट बनवतो. त्याचं रडगाणं वेगळंच. त्याच्याकडे सॉलिडवर्क्सचं जुनं व्हर्जन, आणि चाकणचा कस्टमर पाठवणार नव्यातली फाइल. सॉलिडवर्क्समध्ये तर वर्षानुवर्षं मागे सेव्ह करायची सोयच नव्हती. 2024 च्या व्हर्जनमध्ये ती पहिल्यांदा आली, तीही फक्त दोन व्हर्जन मागेपर्यंत. मग हा काय करतो? 'स्टेप' नावाच्या कॉमन फॉरमॅटमध्ये मागवतो. 1994 पासून आयएसओचं ते स्टँडर्ड आहे, सगळ्यांना वाचता येतं. पण त्यात पार्टचा फक्त अंतिम आकार येतो. भोक आधी पाडलं की खाच, कुठलं माप कशावर अवलंबून आहे, हे काही येत नाही. "भरीत पाठवते थे लोक," तो म्हणाला, "वांगं कसं भाजलं ते सांगत नाई." मग कस्टमरने एक भोक 2 मिलिमीटरने मोठं करायला सांगितलं की याची अख्खी दुपार जाते.

तुम्हाला वाटेल, हे छोट्या गावातल्या छोट्या लोकांचे प्रॉब्लेम. मोठ्या कंपन्यांमध्ये असलं काही होत नसेल. तर ऐका. एअरबस ए380, जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान. त्याच्या डिझाइनसाठी कॅटिया नावाचं सॉफ्टवेअर वापरलं जात होतं. जर्मनी आणि स्पेनमधल्या टीम्स व्हर्जन 4 वर, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या टीम्स व्हर्जन 5 वर. नाव एकच, पण आतून दोन वेगळी सॉफ्टवेअर्स. एका विमानात सुमारे 530 किलोमीटर लांबीच्या वायरी. हॅम्बुर्गहून तयार झालेले वायरींचे गठ्ठे तुलूजला पोचले आणि बसवायला घेतले, तर काही ठिकाणी आखूड पडले! कंप्युटरवर फिट, विमानात अनफिट. 2006 मध्ये एकामागून एक उशिरांच्या घोषणा झाल्या, कंपनीचे बडे अधिकारी पायउतार झाले, आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळेपर्यंत ऑक्टोबर 2007 उजाडला. सुमारे दोन वर्षं उशीर. मी ही स्टोरी मामांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "वायर जरा जास्तीची सोडाव माणसानं."

असो. आमच्या सहाशे फाइल्स.

एकेक उघडून सेव्ह करत बसलो असतो तर माझं लग्नाचं वय निघून गेलं असतं. पण यासाठी फुकट औषधं आहेत. ऑटोडेस्कचंच ट्रूव्ह्यू आहे. आणि ओपन डिझाइन अलायन्स नावाची संस्था 1998 पासून हे डीडब्ल्यूजीचं पोट उघडून वाचायच्या उद्योगात आहे. तिचा कन्व्हर्टर अख्खं फोल्डर एका दमात गिळतो आणि हव्या त्या व्हर्जनमध्ये बाहेर काढतो. सीपीयू पाचव्या प्रयत्नाला सुरू झाला, फाइल्स पेनड्राइव्हवर आल्या, कन्व्हर्टर लावला, आम्ही आमरस-पोळी खाऊन आलो. काम फत्ते! सोळा फाइल्स सोडून सगळ्या बदलल्या होत्या. दादा एवढा खूश की त्याने कुल्फी मागवली.

खरी मजा उघडल्यावर होती. कन्व्हर्ट होणं वेगळं आणि तशीच्या तशी असणं वेगळं, हे कुल्फी संपायच्या आत कळलं.

पहिलंच ड्रॉइंग, कुणाचं तरी 30 फुटी घर, दादाच्या नव्या शीटवर आणलं तर मुंगीएवढं. कारण मामांचं सगळं काम फूट-इंचात आणि दादाचं मिलिमीटरमध्ये. कॉम्प्युटरला एक युनिट म्हणजे एक युनिट. 360 इंचांचे झाले 360 मिलिमीटर, म्हणजे 30 फुटी घर जेमतेम सव्वा फुटाचं! मग 25.4 ने गुणा. ते जमलं तर रेषांची जाडी गेली. जुन्या ऑटोकॅडमध्ये कुठल्या रंगाला कुठलं पेन हे प्लॉटिंगच्या वेगळ्या सेटिंगमध्ये असायचं. 2000 च्या व्हर्जनपासून ती पद्धतच बदलली. त्यामुळे भिंतही बारीक, टाइल्सची रेघही बारीक, सगळं घर कोळ्याने विणल्यासारखं. त्यात लेयर्स. मामांच्या लेयर्सची नावं 1, 2, 3, आणि एका लेयरचं नाव चक्क माझ्या मामीचं. आता डिसेंबर 2020 मध्ये राज्यभरासाठी एकसारखे बांधकाम नियम, म्हणजे यूडीसीपीआर आले, परवानग्या ऑनलाइन होत गेल्या. पुण्याच्या सॉफ्टटेकच्या ऑटोडीसीआरसारखी सॉफ्टवेअर्स ड्रॉइंग स्वतःच वाचतात आणि नियम तपासतात. त्यांना भिंत ही भिंतीच्याच लेयरवर लागते. मामीच्या नावाच्या लेयरवर काय आहे, हे ते सॉफ्टवेअर कसं ओळखणार? (खिडक्या होत्या. का, ते मामांनी सांगितलं नाही.)

याच भानगडीत काकूंचं घर आलं.

या काकू मामांच्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. काका एसटीत होते, ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. घर 2003 सालचं, डिझाइन मामांचं. आधी तळमजला बांधला, मग 2012 च्या आसपास वरचा मजला चढवला. आता मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना आणखी एक मजला हवा होता. वर मुलगा-सून, मधला मजला भाड्याने, खाली त्या स्वतः. हिशोब पक्का होता. कर्ज मंजूर, ठेकेदार ठरलेला, सेंट्रिंगच्या प्लेट्स पुढच्या आठवड्यात यायच्या होत्या. दादाकडे त्यांचं काम एवढंच की जुना प्लॅन काढून त्यावर नवा मजला काढून द्यायचा. "दोन दिवसांचं तर काम हाय," काकू म्हणाल्या. "तुज्या बापानं समदं करून ठेवलंच हाय नं."

कागद कुठे होते? काकूंकडची निळी प्रिंट एका पावसाळ्यात कपाटासकट भिजून गेली होती. मामांकडचं ट्रेसिंग वाळवीने खाल्लं होतं. परवानगीच्या सेटमध्ये प्लॅन आणि एलिव्हेशन होतं, पायाचा तपशील नव्हता. राहता राहिली ती फाइल. एसी1015, ऑटोकॅड 2000.

दादाने ती उघडली. प्लॅन आला, कॉलम आले, पायाची शीटही आली. पण शीटच्या कोपऱ्यात, जिथे सूचना लिहितात तिथे, सात-आठ ओळी रोमन अक्षरांचा नुसता भडिमार. मधेच डॉलरचं चिन्ह, मधेच कंस, स्लॅश, स्वल्पविराम. मांजर कीबोर्डवरून चालत गेलं की उमटतं तसं.

"हे कन्व्हर्ट होता होता कचरा आला वाटते," दादा म्हणाला. "उडवतो." आणि त्याने ते सिलेक्टसुद्धा केलं.

इथे माझी मासकॉमची डिग्री पहिल्यांदा घरच्यांच्या कामी आली! कारण असला कचरा मी डेस्कवर वर्षभर उपसला होता. आमच्या पेपरने जुनी पानं युनिकोडमध्ये न्यायचं काम काढलं होतं आणि ट्रेनी म्हणून ते माझ्याच गळ्यात आलं होतं. युनिकोड सर्रास होण्याआधी मराठी टायपिंग म्हणजे एक हातचलाखी होती. शिवाजी म्हणा, श्री-लिपी म्हणा, तिकडे हिंदीवाल्यांचं कृतिदेव म्हणा... या जुन्या फॉन्ट्समध्ये कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हतं. त्याच्या लेखी तो इंग्रजीच अक्षरं साठवत होता. फॉन्ट फक्त त्या अक्षरांवर क, ख, ग चे मुखवटे चढवायचा. फॉन्ट मशीनवर असेल तर छान मराठी. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळून पडतो आणि खालचं रोमन उघडं पडतं. कन्व्हर्टरने इकडचं अक्षर तिकडे प्रामाणिकपणे नेलं होतं. त्याची काही चूक नव्हती. नव्या मशीनवर मामांचा जुना फॉन्ट नव्हता, बस्स!

असा कचरा नजरेला ओळखू येतो. मराठीत काना फार. त्यामुळे दर दोन-तीन अक्षरांनंतर तेच एक अक्षर डोकावत राहतं. काकूंच्या शीटवर ते डोकावत होतं.

"थांब दादा. हे मराठी आहे."

मग पुन्हा त्या पिवळ्या सीपीयूची मनधरणी. त्या दिवशी तो पाचव्याला नाही, अकराव्याला सुरू झाला. फॉन्टच्या फोल्डरमधून चार-पाच जुने फॉन्ट पेनड्राइव्हवर घेतले, दादाच्या मशीनवर टाकले, ऑटोकॅड बंद करून परत उघडलं. तिसऱ्या फॉन्टला त्या ओळी अशा उलगडल्या की अंगावर काटाच आला. सिमेंटचं प्रमाण, कव्हर, सळयांचा ओव्हरलॅप किती, पाणी किती दिवस मारायचं. आणि सगळ्यात खाली, अधोरेखित: पाया तळमजला अधिक एक मजला एवढ्यासाठीच आहे. त्यावर मजला चढवू नये.

दादा काहीच बोलला नाही. उठला, माठातलं पाणी प्यायला, परत येऊन बसला.

आता प्रश्न असा की एका सूचनेवर विश्वास ठेवायचा का? मामांना विचारलं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिला. "मीच लिवलं हाय. पण कावून लिवलं, ते मले इचारू नको. दोनशे घरं हायेत. कॅल्क्युलेशन पाह्य."

कॅल्क्युलेशनची फाइल होती स्टॅडची. स्ट्रक्चरचं गणित करणारं सॉफ्टवेअर. 2003 मध्ये ते वेगळ्या कंपनीचं होतं, 2005 मध्ये बेंटलीने ती कंपनी घेतली, त्यानंतर व्हर्जनं किती आली असतील देव जाणे. मी मनातून ती फाइल गेल्यातच जमा धरली होती. पण तिने आमची सगळ्यात कमी परीक्षा घेतली! कारण स्टॅडची इनपुट फाइल म्हणजे साधं टेक्स्ट. नोटपॅडमध्ये उघडली की ओळीने वाचता येते: हा जॉइंट इथे, हा तिथे, हा मेंबर या दोघांमध्ये, यावर इतकं वजन. ना फॉन्ट, ना मुखवटा. वीस वर्षं डब्यात पडून ती जशीच्या तशी. नव्या व्हर्जनमध्ये दोन-तीन कमांड बदलाव्या लागल्या, आणि चालली.

गणित दादाने मला वहीच्या मागच्या पानावर समजावलं. पत्रकाराला समजेल इतपतच सांगते. मधल्या कॉलमवर दोन स्लॅबचं मिळून सुमारे 30 टन ओझं. त्याच्या खालचा पाया दीड मीटर बाय दीड मीटर, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. जमिनीची क्षमता मामांनी धरली होती चौरस मीटरला 15 टन. गुणाकार केला की पावणेचौतीस टन. दोन स्लॅबना पुरेसं. तिसरा स्लॅब चढवला की ओझं 45 च्या घरात. 34 च्या पायावर 45.

आणि खाली जमीन कुठली? काळी. आमच्याकडची कपाशीची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात अशा भेगा पडतात की चप्पल आत जाईल. पुण्याच्या मुरमावर आणि खडकावर घर बांधणाऱ्यांना हे टेन्शन कळणार नाही. काळ्या जमिनीवरचा पाया मुळातच रोज थोडा हलत असतो. त्याच्यावर दीडपट वजन म्हणजे घर त्याच दिवशी पडेल असं नाही. पण भिंतीला तिरकी भेग जाईल, दार अडकायला लागेल, मग एखाद्या चांगल्या पावसाळ्यानंतर... दादाने वाक्य पूर्ण केलं नाही.

तरी त्याने खात्री करून घेतली, आणि हे मला आवडलं. फाइलमध्ये दीड मीटर आहे म्हणजे जमिनीत दीड मीटर असेलच असं थोडीच आहे? मागच्या बाजूच्या एका कॉलमपाशी काळजीपूर्वक खड्डा खणला. फाइलमध्ये त्या कॉलमचा पाया होता चार फूट. टेपने मोजला तर चार फुटाला इंचभर कमी. म्हणजे ड्रॉइंग खरं बोलत होतं.

काकूंना सांगायला दादा आणि मी दोघं गेलो. दुपारची वेळ, कूलर चालू, टेबलावर लग्नपत्रिकांचे नमुने पसरलेले. दादाने सगळं सांगितलं, वहीतलं पानही दाखवलं. काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लगन तोंडावर आलं अन् आता सांगून राह्यला तू? इतक्या दिवस कुटी होतं हे?"

कॉम्प्युटरमध्ये होतं, हे उत्तर खरं होतं, पण देण्यासारखं नव्हतं.

ठेकेदाराचं म्हणणं वेगळंच होतं. "असं काही होत नसते मॅडम. मी असे तीन मजले चढवले हायेत, एक बी पडला नाई." बँकेला कागद हवे होते. मुलगा गप्प होता. कॉलमला जाडी देऊन, पाया रुंद करून मजला चढवता येतो, अशक्य काहीच नाही. पण त्याचा दादाने काढलेला अंदाज ऐकल्यावर काकूंनी पत्रिकांचे नमुने गोळा केले आणि आत निघून गेल्या. नंतर कळलं की त्यांनी दुसऱ्या एकाला विचारून पाहिलं. त्याने बिनधास्त 'चढवा' म्हणून सांगितलं. त्याच्याकडे फाइल नव्हती.

मी पुण्याला परतले तेव्हा काकू मामांच्या घरावरून जाताना मान वळवून जात होत्या. मामीला हे फार लागलं. पंचवीस वर्षांचं येणं-जाणं, हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ. मामा मात्र म्हणाले, "जाऊ दे. रागावली हाय, म्हंजे ऐकलं हाय."

महिन्याभराने दादाचा फोन आला. काकूंच्या घरामागे जी मोकळी जागा होती, न्हाणीघर आणि पेरूचं झाड, तिथे दोन खोल्या काढायचं ठरलं. वेगळा पाया, वेगळे कॉलम, जुन्या घराला चिकटवायच्या नाहीत, मधे फट ठेवायची. पेरू तोडावा लागला. कर्जाचे कागद नव्याने करावे लागले आणि लग्न दोन महिने पुढे ढकललं. भाड्याचा हिशोब काही जुळला नाही. मधला मजला देतात, पण खालच्या दोन खोल्याही द्यायचा विचार होता तो बारगळला. काकूंनी प्लॅन दादाकडूनच काढून घेतला. फी देताना मात्र त्यांनी घासाघीस केली ती अशी केली, की पेरूचे पैसे कापून घेतले असं दादा म्हणतो.

आता दादाने एक पद्धत लावली आहे. प्रत्येक काम झालं की डीडब्ल्यूजी तर ठेवायचीच, पण सोबत एक पीडीएफ, ज्यात फॉन्ट आतच बांधलेला असेल. गणिताची टेक्स्ट फाइल वेगळी. सूचना युनिकोडमध्ये, आणि 'इतकेच मजले' ही ओळ ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नाही तर पायाच्या नकाशाच्या मधोमध. एक छापील प्रत घरमालकाला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. सहाशेतली दोनशेएक जुनी ड्रॉइंग्ज त्याने अशी दुरुस्त केली आहेत. बाकीची रात्री, जेवण झाल्यावर, तासभर. मी इकडून फोनवर मदत करते. तो त्या रोमन ओळी मला पाठवतो, मी त्या कन्व्हर्ट करून परत पाठवते. बहुतेक वेळा त्यात काही विशेष नसतं. पाणी एकवीस दिवस मारावे. वाळू चाळून घ्यावी. गेल्या आठवड्यात एका दवाखान्याच्या ड्रॉइंगमधून आलं: मालक जिन्याबद्दल मत बदलतील, थांबावे.

सोळा फाइल्स अजून उघडलेल्या नाहीत. त्यातल्या तीन रिकव्हर कमांडने अर्ध्यामुर्ध्या आल्या, एकीत नुसत्या खिडक्या आहेत. पिवळा सीपीयू दादाने फेकलेला नाही. हार्डडिस्कची कॉपी काढली, तरी तो टेबलाखाली आहे. मामा दुपारी झोप आली नाही की खाली बसून बटण दाबत राहतात. हल्ली बारा-तेरा वेळा दाबावं लागतं.